मुक्या झऱ्याची परी

मागच्या उन्हाळ्यात सोनकीची आई तापाने गेली. बाबा तर तिला आठवतही नव्हते. मग विधवा आत्यानेच तिला आपल्या झोपडीत आणलं. दोघींचा दिवस लांबच्या विहिरीवरून कळश्या वाहण्यातच सरे. आत्या मायाळू होती, पण तिला बोलायला उसंतच नसे.

एकदा पाटोळे गुरुजींनी मुलांना गावामागच्या देवराईत नेलं. मुलांनी तोडलेल्या झाडांचे बुंधे मोजले. एकशे बारा!

"झाडं गेली, माती वाहून आली, झरा बुजून मुका झाला," गुरुजी म्हणाले.

मुलं पुढे गेली, सोनकी मागे रेंगाळली. झऱ्याकाठी जांभळाचं इवलंसं रोपटं मान टाकून उभं होतं. सोनकीने बाटलीतलं शेवटचं घोटभर पाणी त्याला घातलं. तोच पानाआडून चिमुकली परी आली. पंख मोरपिशी, चमचमते. कडा मात्र सुकलेल्या.

"माझ्यापाशी एकच वर उरलाय, बाळा. स्वतःसाठी मागशील ते क्षणभर टिकेल. सगळ्यांसाठी मागशील ते कायम राहील, पण त्यासाठी सगळ्यांनी राबायचं आणि ते जपायचं."

"आई दिसेल?"

"दिसेल. क्षणभर."

सोनकीचे डोळे भरून आले. तिने रोपट्याच्या सुकल्या पानावरून बोट फिरवलं. मग कसंबसं म्हणाली, "झरा दे."

"तो वाहू लागला की मी जाईन हं."

"तूही?"

परीने तिच्या गालावरचा थेंब अलगद टिपला.

सोनकीने गुरुजींना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी गाळ उपसला, उतारावर दगडांचे बांध घातले, करंजाची रोपं लावली. बाराव्या दिवशी खडकातून रुपेरी थेंब टपकला. मग बारीकशी धार लागली. धारेवर निळा, गुलाबी, सोनेरी उजेड झळाळला. त्यात परी एकदाच हसली आणि विरून गेली. मुलं नाचली. सोनकी मात्र हुंदके देत राहिली.

आता पाणी जवळ आलं. एका संध्याकाळी आत्या निवांत बसून सोनकीचे केस विंचरू लागली.

"तुझी आई नवी नवरी होऊन आली ना, तेव्हा याच झऱ्यावर थांबली. पाणी गोड लागलं म्हणून पुन्हा पुन्हा ओंजळ भरत राहिली. सगळी वरात खोळंबली, बघ!"

सोनकीने वळून तिच्याकडे पाहिलं.

"मग? मग काय झालं, आत्या?"