पवळ्याचा खांदा आणि शंभर रहाट

तांबकड्याच्या रणधीररावांचे शंभर रहाट खपत नव्हते, आणि त्या काळजीने महाराजांना अन्न गोड लागत नव्हते.

रहाट वाईट नव्हता. दरबारच्या कारखान्यात सहा वर्षे डोके खाजवून त्र्यंबकपंत कारखानिसांनी तो बनवला होता. एकच बैल गोल चालायचा आणि विहिरीचे पाणी मुकाट वर यायचे. पण शेजारचा राजा नक्कल करील या धास्तीने पंतांनी प्रत्येक रहाट गोधडीत गुंडाळून ठेवला होता. कुणी विकत घ्यायला आला, तरी त्याला गोधडीच दाखवत.

खप व्हावा म्हणून कविराजांनी दवंडी लिहिली. तिच्यात महाराजांच्या बेचाळीस पदव्या होत्या. दवंडीवाला एकतिसावीला मटकन खाली बसला आणि रहाटाचे नाव घ्यायचे राहूनच गेले. मग पंतांनी लिहिली. तिच्यात दाते, आरे आणि खुंट्या यांची मापे होती. लोकांना वाटले, नवा कर बसला! दोन गावांनी तर अर्ज धाडला, की आमच्याकडे एवढ्या खुंट्या नाहीत, माफी असावी.

महाराज वैतागले. बाहेरचा माणूस आणा म्हणाले, लिहून देईल, मजुरी घेईल आणि चालता होईल.

असा माणूस राज्यात एकच होता, आणि ती बाई होती. ठकू कासारीण बाजारात बांगड्या भरायची आणि मागेल त्याला पत्र लिहून द्यायची. तिने लिहिलेल्या वर्णनावरून हरवलेली म्हैससुद्धा सापडते, अशी तिची ख्याती होती.

ठकूने आल्या आल्या रहाट बघायला मागितला. पंत म्हणाले, गुपित आहे. चालतो कसा एवढे तरी सांगा, तर तेही गुपित! वर महाराजांनी अटी घातल्या. रहाट बघायचा नाही, पंतांना काही विचारायचे नाही, आणि पाच दिवसांवर आलेल्या पोळ्याला शंभरच्या शंभर खपले पाहिजेत.

"आणि नाही खपले तर, सरकार?"

"तर तुझी दौत-लेखणी जप्त. पुन्हा या राज्यात एक अक्षर लिहायचं नाही!"

बांगड्यांचा धंदा तिला सासरकडून मिळाला होता. अक्षर मात्र तिने एकटीने, बाजारातल्या गोण्यांवरची नावे लावत लावत कमावले होते. ते गेले तर मागे उरणार काय? पण ठकूची जीभ काही अडखळणारी नव्हती.

"रहाट नाही बघत. बैल बघितला तर चालेल?"

दरबार खो खो हसला. बैल काय गुपित फोडणार, म्हणून पंतांनीही मान हलवली.

कारखान्याच्या बैलाचे नाव पवळ्या. चार महिने रोज तोच रहाट ओढतो आहे, असे गड्याने सांगितले. ठकूचा जन्म बायकांचे हात दाबून बांगडीचे माप घेण्यात गेला होता. तिने पवळ्याचा खांदा दाबला, पुन्हा दाबला, पलीकडून जाऊनही दाबला. तेवढ्यात पवळ्याने तिच्या पदराचे टोक चघळून टाकले. तरी ठकू हसतच घरी गेली आणि पुढचे चार दिवस निवांत बांगड्या भरत बसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर खांदेमळणी असते. शेतकरी तूप-हळद घेऊन बैलाचा खांदा चोळतो आणि वर्षभर मोट ओढून तिथे काय झाले आहे, ते त्याच्या हाताला कळते. नेमकी त्याच वेळी ठकूची दवंडी फिरली.

"ऐका हो ऐका! हाताला गाठ लागतेय का? दरबारच्या पवळ्यानं चार महिने रोज पाणी ओढलंय. उद्या मैदानात या आणि त्याच्या खांद्याला हात लावून बघा!"

दुसऱ्या दिवशी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्या हातांनी जो तो पवळ्याचा खांदा दाबी आणि पलीकडून जाऊन पुन्हा दाबी. गाठ नाही, सूज नाही! शेवटी खंडोजी नावाचा म्हातारा शेतकरी पुढे आला.

"हा बैल बसून खातोय. कामाचा असेल तर जुंपून दाखवा!"

पोळ्याला बैल जुंपायचा कसा? ठकूने चहूकडे पाहिले आणि तिची नजर कविराजांवर थांबली.

"सरकार, पवळ्याला आज सुट्टी. कविराजांनी जन्मात लेखणीपेक्षा जड काही उचललेलं नाही. त्यांनाच जुंपा!"

मैदानाकडेच्या विहिरीवर एक रहाट बसवलेला होता, अर्थात गोधडीखाली. पंत गोधडीला मिठी मारून बसले. ठकू पदर डोळ्यांवर ओढून घेत म्हणाली, मी नाही बघत, लोकांना तर बघू द्या. महाराजांनी खूण केली आणि गोधडी निघाली, पंतांसकट! कविराज लाजेकाजेस्तव महाराजांच्या पदव्या म्हणत चालू लागले. पाणी खळखळत वर आले. बाविसाव्या पदवीला हौद भरला आणि कविराजांना धापसुद्धा लागली नव्हती.

खंडोजीने सगळ्यात आधी सांगून टाकले, एक माझा. दुपारपर्यंत शंभरही गेले.

तरी महाराजांचे तोंड आंबटच. "ठकू, दवंडीत माझी एक पदवी नाही. अगं, रहाटाचं नावसुद्धा नाही! मग खपले कसे?"

"सरकार," ठकू पदराआडूनच म्हणाली, "रहाट कुणाला हवा होता? त्यांना पवळ्याचा खांदा हवा होता!"

महाराज इतके हसले, की पगडी पवळ्यासमोर जाऊन पडली. त्यांनी ठकूला डोळे उघडायला सांगितले, ठरल्याच्या दुप्पट मजुरी दिली आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला, "पंत, यापुढे नवी वस्तू झाली, की आधी ठकूबाईंना दाखवायची. मग पाहिजे तेवढ्या गोधड्या घाला!"