चेहरा जुळत नाही

"पण भन्ते, ज्याला काही कळतच नाही त्याला सांगायचं तरी कसं?"

उत्पलानं हे विचारलं तेव्हा भन्ते धम्मसार विहारामागच्या हौदावर चीवर धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला कळत नाही?"

"आमदारांना."

"काय कळत नाही?"

"काहीच."

भन्ते चीवर पाण्यात खळबळत राहिले...

खैरगावच्या टेकडीवरचं हे विहार लहानसं. उत्पला वानखडे शाळेत असताना दर रविवारी इथं पाली शिकायला यायची. पुढं कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, पुण्याच्या कंपनीत लागली, आणि आता वडिलांची तब्येत बरी नसते म्हणून गावी राहून तेच काम करत होती. हुशार होती. आपण हुशार आहोत हे तिला माहीतही होतं.

आणि या वेळी ती लढत होती, ते तिच्या स्वतःसाठी नव्हतं.

अंगणवाडीत गरोदर आणि लेकुरवाळ्या बायांना पोषण आहाराचं पाकीट मिळतं. यंदा तालुक्यात त्यासाठी नवं ॲप आलं. पाकीट देण्याआधी सेविकेनं मोबाइल बाईच्या चेहऱ्यासमोर धरायचा. चेहरा आधार कार्डावरच्या फोटोशी जुळला, तर पाकीट. नाही जुळला, तर बाईनं रिकाम्या हातानं घरी जायचं.

कित्येक बायांचा चेहरा जुळत नव्हता.

उत्पलानं इंटरनेटवर हजारो सह्या गोळा केल्या होत्या. मग आमदार ढोमणे यांची वेळ घेऊन त्यांना लॅपटॉपवर सगळं दाखवलं. ॲप कुठं चुकतं, का चुकतं, परदेशात काय झालं, कोर्ट काय म्हणालं. आमदार जांभई दाबत म्हणाले, "बघू."

त्या संध्याकाळी तिनं फेसबुकवर लिहिलं : 'आमच्या आमदारांना ॲप आणि पापड यांतला फरक कळत नाही.'

ते वाक्य गावभर फिरलं. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून आमदारांच्या कार्यालयात तिला कोणी आत सोडेना.

हे सगळं तिनं भन्तेंना सांगितलं. वर म्हणाली, "थांबा, त्यांना काय दाखवलं तेच तुम्हाला दाखवते."

हौदाच्या कठड्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि बोलू लागली. भन्ते हात पुसून शेजारी बसले. पण ते पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"आता सांग."

उत्पला गडबडली. "आता कसं सांगू? सगळं त्यातच आहे."

भन्तेंनी झाकणावरचा हात काढला नाही.

तिनं दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळली. मग तिला पिंपळखुट्याची चंद्रकला आठवली. अंगणवाडीच्या दारात तान्ही पोर कडेवर घेऊन उभी असलेली. कितीही वेळा मोबाइल समोर धरला, तरी तेच उत्तर येत होतं.

"भन्ते, बाई वाळलीय म्हणून मशीन तिला ओळखत नाही. आणि मशीन ओळखत नाही म्हणून ती आणखी वाळते."

भन्तेंनी झाकणावरचा हात उचलला.

"हे आमदारांना सांगितलंस?"

"...नाही."

"मग त्यांना काय कळलं नाही म्हणतेस?"

उत्पला खाली बघू लागली. पण हार मानणारी ती नव्हती. "सांगितलं असतं तरी त्यांनी काही केलं नसतं."

"तू त्यांना काय करायला सांगितलंस?"

"ॲप बंद करा म्हटलं."

"ते त्यांच्या हातात आहे?"

"नाही. ते वरून आलंय."

"म्हणजे जे त्यांच्या हातात नाही तेच नेमकं मागितलंस," भन्ते म्हणाले. "त्यांना किती सुटल्यासारखं वाटलं असेल."

उत्पलाला हसू आलं नाही.

भन्ते उठले. ओलं चीवर दोरीवर टाकता टाकता म्हणाले, "ढोमण्यांच्या आई पापड लाटायच्या. नवरा गेल्यावर त्यावरच घर चालवलं. हा पोरगा सायकलला डबा बांधून बाजारभर विकत हिंडायचा. जुन्या लोकांना ठाऊक आहे."

उत्पलाचा चेहरा उतरला.

"मला... खरंच माहीत नव्हतं."

"जिथं बोललीस तिथंच माफी माग. मग त्यांच्याकडे जा."

"भन्ते, तुम्ही चला ना सोबत. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

"म्हणून तर येत नाही."

*

फेसबुकवर माफी मागणं तिला जड गेलं. आदल्या आठवड्यात ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीच आता खाली लिहिलं, 'मॅनेज झाल्या मॅडम.' तिनं ते वाचलं, आणि कोणालाही उत्तर न देता फोन बंद केला.

शुक्रवारी आमदारांच्या कार्यालयात जनता दरबार असे. उत्पला चंद्रकलाला घेऊन रांगेत बसली. लॅपटॉप तिनं घरीच ठेवला होता. आमदार काय करू शकतात, याची मात्र तिनं या वेळी नीट चौकशी केली होती.

तिला बघताच आमदार म्हणाले, "या मॅडम, या. आज काय शिकवता?"

खोलीतली माणसं हसली.

"साहेब, आधी माफी मागते. पापडावरून मी बोलायला नको होतं. मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"तरी नको होतं."

आमदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला लई राग आला होता. आईला कोणीतरी ते वाचून दाखवलं, तर ती हसली. म्हणे, ॲप काय असते थे मलाबी कुठं माहीत हाय? पण पापड आपले चांगले होते." ते थोडं थांबले. "बसा. काय काम काढलं?"

उत्पला तोंड उघडणार होती. मग ती बाजूला सरकली.

आमदारांनी चंद्रकलाला विचारलं, "गाव कोणतं?"

"पिंपळखुटा."

"देवळाजवळ का नाल्याकडे?"

"नाल्याकडं, साहेब." तिनं पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "मशीन म्हणते, हे मी नाही."

आमदारांनी कार्ड हातात घेतलं. फोटोत गोबऱ्या गालांची, दोन वेण्यांची पोरगी होती. समोर उभ्या बाईची गालफडं आत गेली होती, डोळे खोल. कडेवरचं लेकरू तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

"हे तूच हायेस?"

"होय जी. लग्नाआंधीचा फोटो हाय. तवा अंगानं बरी होती."

आमदार फोटोकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे... खोलीतलं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"पाकीट कधीपासून नाही मिळालं?"

"पोरगी झाली तवापासून."

त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. उत्पलाकडे वळून म्हणाले, "पण मी काय करू? ॲप वरून आलं. माझ्या हातात काय हाय?"

"एक गोष्ट आहे, साहेब. चेहरा जुळला नाही, तर सेविकेनं ओळख पटवून पाकीट द्यावं, असा आदेश जिल्ह्याचे अधिकारी काढू शकतात. तो त्यांनी काढावा, म्हणून तुम्ही त्यांच्याशी बोला. बास, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

आमदारांनी तिथंच फोन लावला. पलीकडचा आवाज 'हो साहेब, बघतो साहेब' करत राहिला. फोन ठेवून ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत होऊन जाईल."

*

मंगळवार आला आणि गेला.

उत्पला तरातरा टेकडी चढून आली. "बघा, मोडला त्यांनी शब्द! आता मी पुन्हा लिहिणार आहे."

"मोडला, की विसरले?" भन्तेंनी विचारलं.

"त्यात फरक काय?"

"विसरलेल्याकडे परत जाता येतं."

ती पायरीवर बसली. धाप कमी होईपर्यंत बसून राहिली... मग उठली आणि टेकडी उतरली.

ती परत गेली. आणि मग जातच राहिली. दर शुक्रवारी वेगळ्या गावची बाई तिच्यासोबत असे. आमदार कोणीही आलं तरी पहिला प्रश्न एकच विचारतात, 'गाव कोणतं?', हे तिच्या लक्षात आलं होतं. पहिल्या भेटीत तिनं परदेशातली शहरं सांगितली होती. पिंपळखुटा सांगितलंच नव्हतं.

पुढं पुढं आमदारांचे पीए तिला बघून स्वतःच खुर्ची देऊ लागले. एकदा चहा घेता घेता म्हणाले, "ताई, तुम्ही भांडत नाही, आणि येणं सोडतही नाही. आम्ही करायचं तरी काय?"

एका शुक्रवारी ती आत गेली, तर आमदार लालबुंद होऊन बसलेले.

"कालच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय काढला मी. तो जिल्ह्याचा साहेब सगळ्यांसमोर मला म्हणते, हे टेक्निकल आहे, तुम्हाला कळणार नाही."

उत्पलाला कानशिलं तापल्यासारखी वाटली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

"दार लोटून घे, पोरी," आमदार म्हणाले. "अन् मला समजेल असं सांग. हे मशीन माणसाला ओळखते कसं?"

उत्पलानं खुर्ची जवळ ओढली.

"साहेब, ते आपल्यासारखं ओळखत नाही. ते मापं घेतं. डोळ्यांत अंतर किती, गाल केवढे, हनुवटी कशी. ती मापं फोटोतल्या मापांशी ताडून बघतं. किती जुळलं म्हणजे 'हो' म्हणायचं, हे मात्र मशीन ठरवत नाही. ते कोणीतरी माणूस ठरवतो."

"माणूस ठरवतो?"

"हो. कुठल्यातरी ऑफिसात बसून."

"म्हणजे या बायांना 'नाही' म्हणते थे मशीन नाही..." आमदार सावकाश म्हणाले. "थांब. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. आमदारांनी मध्येच अडवून प्रश्न विचारले, आणि प्रश्न चांगले होते. एका प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही. 'शोधून सांगते' म्हणाली, आणि संध्याकाळी फोन करून तिनं ते सांगितलंही. त्या दिवशी आपल्याला आवडीचं काहीतरी शिकवायला मिळालं आणि समोरच्यानं ते मनापासून घेतलं, असं तिला वाटत राहिलं. घरी येऊन वडिलांना ती म्हणाली, "बाबा, माणूस हुशार आहे हो."

पुढच्या मीटिंगला उत्पला नव्हती. आत काय झालं ते तिला पीएंकडून कळलं. आमदारांनी त्या अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर एकच विचारलं होतं, "किती जुळलं म्हणजे 'हो', हा आकडा कोणी ठरवला? त्याचं नाव सांगा."

नाव कोणालाच सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात आदेश निघाला.

*

उत्पला विहारात आली, तेव्हा भन्ते पायरीवर ऊन खात बसले होते. ती आली तीच हसत.

"भन्ते, चंद्रकलाला पाकीट मिळालं! मोबाइलनं 'नाही' म्हटलं, आणि सेविका म्हणाली, मी ओळखते हिला, घे. चंद्रकला तिथंच रडायला लागली, आणि तिची पोरगी आमच्याकडे बघून खिदळत होती."

भन्तेंच्या चेहऱ्यावरही हसू पसरलं. "छान झालं," ते म्हणाले. "फार छान झालं."

उत्पला त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. खाली गाव दिसत होतं. बसस्टँडचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं.

"बोल," भन्ते म्हणाले.

"काय?"

"जे गिळलंस ते."

उत्पला ओशाळली. "काही नाही हो... चौकात हा एवढा मोठा बॅनर लागलाय. 'आमदार ढोमणे साहेबांच्या प्रयत्नांना यश! चेहरा जुळो न जुळो, आहार मिळणारच!' साहेबांचा हात जोडलेला फोटो आहे. आजूबाजूला कार्यकर्त्यांचे फोटो. आमचं कोणाचं नावसुद्धा नाही. बायांचं तरी असायला हवं होतं."

तिनं खाली चौकाकडे बोट दाखवलं.

"आणि ते अधिकारी आत्तापासूनच म्हणताहेत, आदेश तात्पुरता आहे. दिवाळीनंतर ॲप नवं येईल, तेव्हा पुन्हा बघू म्हणे. म्हणजे सगळं पहिल्यापासून..."

बोलता बोलता ती थांबली. भन्ते उठून उभे राहिले होते, आणि कपाळावर हात आडवा धरून खाली चौकाच्या दिशेनं बघत होते.

"बॅनर बसस्टँडसमोर आहे ना?"

"हो."

"वारा सुटलाय," भन्ते म्हणाले. "त्यावर 'मिळणारच' लिहिलंय, ते दिवाळीनंतरही वाचता आलं पाहिजे. जाताना त्याच्या दोऱ्या घट्ट बांधून जा."