अगंबाई आणि दारावरचा बेडूक

एका राज्याची हेरगिरी सगुणा नावाची बाई बघत असे. तिच्या टोळीत सगळ्या बायकाच. आधी पुरुष होते, पण त्यांच्या पोटात गुपित राहीना. आता तरी कुठं राहतं म्हणा.

सगुणाने टोळी आपल्याच आळीतून निवडलेली. सगळ्यांचं नेसणं एक, बोलणं एक. राजा म्हणाला, "सगुणाबाई, निरनिराळ्या बायका घ्या. दिसायला बरं." मग तिने बिराई धनगरीण आणि बांगड्या भरणारी हलिमा घेतली. मिरवणुकीत दोघी सर्वांत पुढे, काम निघालं की दोघी घरी.

शेजारच्या गडाचा हवालदार मोठा वात्रट. सगुणाची कुठलीही बाई दचकली की "अगंबाई" म्हणते, हे त्याने ताडलं. त्याच्या मुलखात सगळे "आगं आय" म्हणत. मग तो दारात येणाऱ्या प्रत्येक परक्या बाईच्या पायावर बेडूक सोडू लागला. सगुणाची धाकटी बहीण मंजुळा दहीवाली बनून गेली आणि "अगंबाई" म्हणून सापडली. पुढचा बाजार उठला की तिचा कडेलोट करायचा, असं ठरलं.

सगुणाने बेडूक आणवले आणि "आगं आय"चा सराव मांडला. बेडूक दमले, पण तिच्या तोंडून निघे ते "अगंबाई"च.

बिराई म्हणाली, "बाई, भ्यायचं कुनी शिकून घेतं व्हय? आमाला न्या की. पर म्होरं मी चालनार."

टोळीच्या म्होरकीने मागून चालायचं, हे सगुणाला गिळायला जड गेलं. पण बहिणीचा जीव टांगलेला. तिने तोंडात अख्खा विडा कोंबला आणि मुकाट मागे झाली.

बाजाराच्या दिवशी दारात बेडूक उडाला. हलिमा म्हणाली, "या अल्ला." बिराईने हवालदाराचा बाप, आजा, पणजा एका दमात काढला. सगुणाच्या तोंडून नुसती पिचकारी उडाली, ती हवालदाराच्या जोड्यावर.

"जावा बायांनो, जावा," तो जोडा पुसत म्हणाला.

तुरुंगाच्या किल्ल्या रखवालदाराच्या बायकोच्या कमरेला. हलिमाने तिचा एक हात तेलाच्या वाटीत बुडवून ठेवला आणि दुसऱ्यात मुद्दाम लहान मापाची बांगडी चढवली. "डोळे मीट भाभी, हलू नको. सवाशिणीची बांगडी फुटणं बरं नाही."

भाभी डोळे मिटून दगडासारखी बसली. बिराईने किल्ल्या काढल्या, सगुणाने दार उघडलं, आणि मंजुळा बिराईच्या घोंगडीखाली लपून बाहेर आली. परतताना हवालदाराच्या मुठीत बेडूक होता. पण समोर बिराई दिसली. पुन्हा एवढ्या शिव्या कोण खाणार? बेडूक मुठीतच राहिला.

गड उतरल्यावर सगुणाने विडा थुंकला, बहिणीला पोटाशी धरलं आणि ऊरभर श्वास घेतला. मग बिराईला म्हणाली, "उद्या ये."

"मिरवनुकीला न्हाय यायची."

"कामाला ये. कुठं कोण पुढं, ते तिघी बसून ठरवू."

तात्पर्य: वेगळी माणसं नुसती शोभेला उभी केलीत, तर आपलीच शोभा होते; कामात पुढं चालू दिलीत, तर जीव वाचतो.