कमानीवरची भेग

“पण पडेल का, बाबा? एवढंच सांगा.”

अंबादास क्षीरसागर तिसऱ्यांदा तेच विचारत होते. उभा जन्म सरकारी पुलांवर ओव्हरसिअर म्हणून गेलेला. दुसऱ्याचा सल्ला घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. आज मात्र टेकडीवरच्या नूरशा फकिराला त्यांनी स्वतः जाऊन घरी आणलं होतं.

घर म्हणजे गावाबाहेरची दोनशे वर्षांची धर्मशाळा. अंबादासांनी ती विकत घेतली, ओवऱ्यांच्या कमानी विटांनी बुजवल्या, भिंतींना नवा गिलावा केला आणि दाराला जाडजूड अडसर बसवला. गाव हसलं, पण घर झकास झालं. मग आतल्या, मोकळ्या ठेवलेल्या मधल्या कमानीवर ती भेग दिसली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. नात तीन महिन्यांची झाली तरी अंबादास त्यांना आणायला जाईनात. पाळण्याची कडी नेमकी त्याच कमानीवरच्या तुळईला होती. मुहूर्त नाही, अमावस्या आहे, अशा सबबी सांगून झाल्या. आता व्याह्यांचा निरोप आला होता : न्यायचं नसेल तर तसं सांगा.

“गवंडी काय म्हणतो?” फकिरानं विचारलं.

“म्हणतो, जुनीच भेग आहे, नव्या गिलाव्यातून वर आली. त्याला काय कळतंय! मी भेगेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. भिंत हलली की पट्टी फाटते. बघा.”

सात पट्ट्या होत्या. सातही फाटलेल्या.

“रोज बघतोस?”

“दिवसातून वीस वेळा. बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. हे असं...”

अंबादासांनी सातव्या पट्टीवर नख दाबून फिरवलं. तिचा उरलेला तुकडाही निघून खाली पडला.

फकिरानं काठी उचलली आणि पार वर, छपराजवळ टेकवली. तिथे आठवी पट्टी होती. धुळीनं काळवंडलेली, पण अखंड.

“ती कुणी लावली?”

“गवंड्यानं. सगळ्यांच्या आधी... शिडीवर चढून.”

“तुझा हात पोचतो तिथे?”

“नाही...”

अंबादास आपल्या बोटाकडे बघत राहिले. नखात वाळलेली खळ अडकली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडाही उतरला.

“उद्या पहाटेच निघतो. दोघींना घेऊनच येतो.”

फकीर कमानीखाली घोंगडी अंथरू लागला.

एवढ्यात अंबादासांचा जीव पुन्हा खालीवर व्हायला लागला. “पण बाबा... पुढेमागे पडली तर? पोरीला जन्मभर इथंच राहायचंय.”

“तरुणपणी तीनदा उतरलोय मी इथं,” फकीर आडवा होत म्हणाला. “याच जागी झोपलो. तिन्ही वेळा गाढ झोप लागली.”

“तेव्हा भेग नसेल.”

“होती की.”

“मग... दिसली नाही तुम्हाला?”

फकिरानं डोळे मिटले.

“दिसली. पण मला सकाळी निघायचं होतं.”