समोरची जागा

९ डिसेंबर. सकाळी धुकं, नंतर कोरडी थंडी.

प्रौढांच्या वर्गाला पुस्तक एकच, म्हणून बायका त्याभोवती गोल बसतात. गजराबाईंची जागा माझ्यासमोर, त्यामुळे त्या अक्षरं उलटीच शिकल्या. बल्लारीला दिलेल्या लेकीची चार पत्रं त्यांनी न फोडता ठेवलीत. "मधे दुसऱ्याचा आवाज नको मास्तर. तिचं तिच्याकडूनच ऐकायचंय," म्हणतात.

आज तपासणीला निरगुडकर साहेब आले. गजराबाईंनी पुस्तक उलटं धरलेलं पाहून हसले. "आजी, आधी पुस्तक सरळ धरायला शिका." मी सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि टेबलावर अहवाल लिहायला घेतला.

टेबलापलीकडे उभ्या गजराबाईंना तो कागद उलटा दिसत होता. त्या सावकाश वाचू लागल्या, "कोणालाही... वाचता येत नाही. वर्ग... बंद करावा."

साहेबांचं पेन थांबलं.

"वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलंत, साहेब, आणि ते मी वाचलं," त्या म्हणाल्या. "यातलं खोटं असेल ते तुम्हीच खोडा. माझी पत्रं राहिलीत अजून."

साहेबांनी दोन्ही ओळी खोडल्या आणि वर्गाला मार्चअखेरपर्यंत मुदत दिली.