काट्यावरचे दोनशे फूट

एकदा एक विमान धावपट्टीवर उभं होतं, आणि तरीही ते दोनशे फूट उंचावर होतं. हसू नका, काट्याचं म्हणणं तसंच होतं. पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

देशावरच्या एका उड्डाणशाळेत कॅप्टन रणदिवे शिकवत असत. वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे, पण आकाशात गेले की गृहस्थ एकदम तरुण. शर्वरी त्यांची लाडकी शिष्या. हात स्थिर, नजर तीक्ष्ण, खोड मात्र एक होती. पुन्हा विचारायची तिला भारी लाज! एकदा रेडिओवर बोलताना ती अडखळली, तेव्हा विमानतळावरून सूचना देणारा टॉवरवाला खेकसला होता. तेव्हापासून नीट ऐकू आलं नाही, तरी "समजलं" म्हणून ती मोकळी व्हायची.

त्या सकाळी निघताना कॅप्टन म्हणाले, "आज कोकणातल्या धावपट्टीवर नीट नेलंस, तर परत येताना तू एकटी." कित्येक महिने शर्वरी याच वाक्याची वाट पाहत होती.

आभाळ स्वच्छ होतं. दूर समुद्रात मात्र कमी दाबाचा पट्टा होता. डोंगर जवळ आला तसा पलीकडच्या टॉवरने तिथल्या हवेचा दाब सांगितला. नेमका आकडाच खरखरीत बुडाला. शर्वरी म्हणाली, "समजलं." त्या आकड्यावर फिरवायचं उंचीमापकाचं बटण निघताना लावलं होतं तिथेच राहिलं. कॅप्टननी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि ते गप्प बसले.

कड्याच्या माथ्यावरून जाताना किमान पाचशे फूट अंतर राखायचं, हा त्यांचा दंडक. शर्वरीने उंचीमापकाच्या काट्यावर बघून ते चोख राखलं. तरीही माथ्यावर चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या, आणि त्याच क्षणी कॅप्टननी स्वतः विमान वर घेतलं.

शर्वरीला ते झोंबलं. गुरूने हातातून विमान काढून घेतलं, म्हणजे संपलंच की सगळं! पुढे तिने धावपट्टी डोळ्यांनी जोखून चाकं अलगद टेकवली, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

विमान कडेला उभं राहिलं. "उतरा ना, सर," ती घुश्श्यातच म्हणाली. कॅप्टननी पट्टासुद्धा सोडला नाही. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि दशमीचा तुकडा मोडला.

"छे गं बाई! या गुडघ्यांनी दोनशे फुटांवरून उडी मारू? घरी काय सांगशील?"

"कसले दोनशे फूट?"

"त्या काट्याला विचार. ही धावपट्टी समुद्राला लागून, आणि हा म्हणतो आपण अजून हवेतच आहोत. मघाशी याच्याच शब्दावर तू डोंगर ओलांडलास. आता याच्याच शब्दावर मी बसून आहे."

शर्वरीने काट्याकडे पाहिलं. तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यावरच विरलं. काटा इथे दोनशे फूट जास्त दाखवतो, म्हणजे कड्यावरही तेवढेच जास्त दाखवत होता. पाचशे समजून ती तीनशेवरून गेली होती.

"सर, मी तो आकडा ऐकलाच नव्हता."

"मलाही कुठे ऐकू आला? हे बघ बाळ, काट्याला उंची ठाऊकच नसते. तो बिचारा हवेचा भार जाणतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. आपण त्याला देशावरची हवा सांगून निघालो, तो प्रामाणिकपणे तिच्याच हिशेबाने बोलत राहिला. इथे दाब कमी, त्याला वाटलं आपण वर आहोत. कडाक्याच्या थंडीत तर दाब बरोबर लावला तरी तो उंची वाढवून सांगतो, तेव्हा थंडीचाही हिशेब घालावा लागतो. खरी उंची आयती मिळत नाही. जिथे जातेस तिथल्या हवेला विचारावं लागतं. ऐकू आलं नाही, तर पुन्हा विचारावं लागतं. टॉवरवाला खेकसेल, खेकसू दे. डोंगर मात्र आधी खेकसत नाही."

"मग तुम्हीच का नाही विचारलंत?"

"आज मी शेजारी होतो म्हणून. पुढे नसेन."

शर्वरीने डोळे पुसले आणि रेडिओ लावला. पुन्हा खरखर. तिने पुन्हा विचारलं. "अहो, आत्ताच सांगितलं ना!" पलीकडचा वैतागला. "ऐकू आलं नाही. परत सांगा," शर्वरी म्हणाली. आवाज थोडा कापला, पण म्हणाली. आकडा मिळाला. तिने बटण फिरवलं, तसा काटा हळूहळू खाली येऊन जमिनीला टेकला.

"हां, आता उतरतो," म्हणून कॅप्टन कण्हत कुंथत खाली आले आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागले.

"सर, कुठे निघालात?"

"एसटी स्टँडवर. घरून आमसुलं आणायला सांगितलीत. तू हो पुढे."

"पण सर, आज माझं चुकलं ना!"

"म्हणून तर सोडतोय. आज तुझ्याइतकं विचारून विचारून कोणी उडणार नाही."

आपणही एका गावची हवा मनात लावून दुसऱ्या गावच्या माणसांना जोखत असतो. शर्वरीने त्या दुपारी उडण्यापूर्वी एकदा आणि डोंगराआधी पुन्हा एकदा दाब विचारला. ती कड्यावरून एकटी गेली, तेव्हा खाली म्हशी चरत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.