पहिल्या भाकरीचा नेम

एकदा एका नदीकाठच्या देवळात एक वृद्ध साधुपुरुष आपल्या तरुण शिष्यासह मुक्कामाला होते. चातुर्मास तोंडावर आला होता. आपण बायका जसा कुणा जाणत्याकडून चार महिन्यांचा नेम मागून घेतो, तशा गावच्या बायका त्यांच्याकडे येत. कुणाला त्यांनी कांदा-लसूण सोडायला सांगितले, कुणाला मौनाने जेवायला, तर कुणाला तुळशीपाशी दिवा लावायला.

सगळ्यांच्या मागून गिरजा आली. ती शेतकऱ्याची बायको. पहाटे गोठा आवरावा, धारा काढाव्यात, भाकऱ्या थापून शेतावर न्याव्यात, दिवसभर खुरपावे आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसावे, असे तिचे आयुष्य. पायांवरचा चिखल वाळलेला होता, तो लपवत ती टेकली.

"महाराज, मला कडक नेम द्या. माझ्या राहीसाठी. बारा वर्षांची पोर, परवा शाळेत घेरी येऊन पडली. वैद्य म्हणाले, अंगात रक्त नाही, पोटभर खाऊ घाला. देवाच्या दयेनं घरात काही कमी नाही, तरी पोर वाळतच चालली आहे. सोमवार, शनिवार, एकादशी मी धरतेच. आता सांगाल तर मीठ सोडते, एकभुक्त राहते."

"मुलगी जेवते कुणाबरोबर?" साधूंनी विचारले.

गिरजेच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. "माझ्याबरोबरच की! बापाचं, भावाचं, आजीचं झालं की मग आम्ही दोघी. कितीदा म्हटलं, बस गं आधी, तर ऐकत नाही. भावाला दूध कमी पडलं तर आपलं देऊन टाकते. फार शहाणी आहे."

साधू म्हणाले, "तुझा नेम ऐक. देवाचा नैवेद्य आणि गाईचा घास काढलास, की तव्यावरून उतरेल ती पहिली भाकरी तू खायची. गरम गरम, पाटावर बसून, सगळ्यांच्या देखत."

देवळात हसू फुटले. "अगं बाई! आम्हाला सोडायला सांगितलं आणि हिला जेवायला!" एक जण म्हणाली. दुसरीने हात जोडले. "महाराज, माझा कांदा परत द्या, मला हिचाच नेम चालेल!"

गिरजा मात्र हसली नाही. शिष्यही मनातून खट्टू झाला. आई लेकरासाठी तप मागते आहे आणि गुरुजी तिला जेवणाचा नेम देतात, हे त्याला काही उमगेना.

आठवडाभराने गिरजा पुन्हा आली. तिचे डोळे भरले होते. "महाराज, नेम रोजच मोडतोय. भाकरी उतरली की हात आपसूक त्यांच्या ताटाकडे जातो. काल घरात कुणी नसताना नेटानं बसले, तर घास घशाखाली उतरेना. चोरी करत असल्यासारखं वाटलं. हा नको. निर्जळी सांगा, ती करीन."

शिष्याच्या तोंडून निघून गेले, "माई, पाण्यावाचून राहणं सोपं आणि भाकरी खाणं अवघड?"

"तेच तर," साधू म्हणाले. "पोरी, उपाशी राहण्याची तुला सवयच झाली आहे. त्यात देवाला नवीन काय वाहशील? तू तोंडाने राहीला 'खा' म्हणतेस. पण तुझ्या ताटात ती रोज पाहते, की आईला शेवटचे आणि गारढोण. तिला वाटते, चांगल्या बाईने असेच जेवायचे असते. मुलगी तुझे ऐकत नाही, ती तुझे पाहते. आणि अन्नपूर्णेची मूर्ती आठव. हातात पळी आहे, मुखावर तेज आहे. वाळलेली अन्नपूर्णा कुणी घडवली आहे का?"

पदराने डोळे पुसून, नमस्कार करून गिरजा निघाली.

ती गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, एवढे साधे होते, तर पहिल्याच दिवशी समजावून सांगायचे. नेम कशाला?"

"स्वतःसाठी खा म्हटले असते, तर तिने खाल्ले नसते," साधू म्हणाले. "देवासाठी म्हटले, तर खाईल."

त्या संध्याकाळी नैवेद्य दाखवून, गाईचा घास काढून गिरजेने पहिली भाकरी उतरवली. आपल्याच ताटात घेतली, दुधात कुस्करली आणि पाटावर बसली.

सासूबाई दारातच थबकल्या. "काय गं, चुलीवर तवा आणि तू पाटावर?"

"नेम आहे, आत्याबाई." गिरजेने घास उचलला.

नेम मोडायला लावण्याचे पाप कोण घेईल? म्हातारीने पदर खोचला आणि ती चुलीपुढे बसली. "जेव सावकाश. पुढच्या मी थापते." पीठ मळता मळता ती हळूच म्हणाली, "आमच्या वेळी असला नेम कुणी दिला नाही बाई."

केरबा, गिरजेचा नवरा, हात धुऊन आला. बायको जेवताना त्याने बहुधा प्रथमच पाहिली. तो भिंतीला टेकून आपल्या भाकरीची वाट पाहू लागला.

राही उंबऱ्यात उभी होती. तिने आईकडे पाहिले, आजीकडे पाहिले. आई तर खरोखरच जेवत होती. कुणी रागावलेही नव्हते. मग तिने फळीवरून आपली ताटली काढली, आईच्या पाटाला खेटून बसली आणि ताटली पुढे केली.

"आजी, मलाही तव्यावरची."

गिरजेने वर पाहिले नाही. दुधाचा वाडगा मात्र तिने लेकीकडे सरकवला आणि पुढचा घास घेतला. या वेळी तो सहज उतरला.

मैत्रिणींनो, यंदा काय सोडायचे ते ठरवताना, आपल्या ताटाकडे कोण पाहते आहे, तेवढे एकदा पाहावे.